गौरेशचा अवसार

मये, १२ ऑगस्ट २०२४

चि. श्रीनाथ यास,

आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस. तुझ्या भावोजींच्या नंबरावरून लावला तर माझा आवाज ऐकताच ठेवलास. म्हणून हा टपालाचा उद्योग. पत्ता मला आपल्या पेडण्याच्या अनंतच्या घरून मिळाला, तो तुझ्याच कंपनीत आहे ना वापीला. त्याच्यावर चिडू नकोस. मी त्याला विचारलंच नाही, त्याच्या आईला गाठलं. अंगणवाडीत एवढी वर्षं काढल्यावर कुणाच्या आईकडून काय काढून घ्यायचं तेवढं मला जमतं.

इकडे सगळं ठीक. तळं भरलंय, रविवारी होडीत बसायला पर्यटकांची झुंबड असते आणि आमच्या दारात त्यांच्या गाड्या. पेडण्याला आईचे गुडघे दुखतात, पण बसेल तर ती आई कसली.

गौरेशची तब्येत मात्र थोडी नरम आहे. म्हापशाच्या मोबाईलच्या दुकानातलं काम त्याने सोडलं. झोप नाही म्हणतो. आईचं म्हणणं, त्याच्यावर अवसार यायला लागलाय. बाबांच्या अंगावर देव यायचा, तसाच ह्याच्यावर येणार. बाबा गेले, तू निघून गेलास, तेव्हापासून दसऱ्याला आपल्या देवळात अवसार उभा राहिलेला नाही. आता गौरेशच्या कमरेला शेला बांधायचा असं आपल्या सात घरांत ठरतंय.

माझं एकच काम आहे तुझ्याकडे. मान थोरल्याचा, म्हणजे तुझा. देवळात गाऱ्हाणं घालणारे गोकुळदासमामा म्हणतात, थोरल्याने येऊन देवासमोर नारळ ठेवला आणि 'यंदा नको' म्हटलं, तर गौरेश मोकळा. एका दिवसाची रजा काढ. घरात राहायचं नसेल तर माझ्याकडे उतर. कुणी तुला काही विचारणार नाही याची जबाबदारी माझी.

बाकी काळजी नसावी.

तुझी बाय,
सुमंगला

---

मये, २६ ऑगस्ट

श्रीनाथ,

उत्तर नाही. अनंतच्या आईने सांगितलं की पत्र तुझ्या हातात पडलंय.

मागच्या पत्रात 'तब्येत नरम' असं लिहिलं ते गुळमुळीत होतं. काळजी करावी असंच आहे. गौरेश खिडकीशी उभा राहून कुणाशी तरी बोलतो. बोलतो म्हणजे उत्तरं देतो. मध्येच कान झाकतो. मोबाईलमधलं सिम काढून त्याने माडाच्या मुळाशी पुरलं, म्हणाला त्यातून ते ऐकतात. कोण ते, विचारलं तर माझ्याकडे असा बघतो की मीच त्यांच्यातली. अंघोळीला तयार नसतो. एवढा नीटनेटका पोरगा, इस्त्रीशिवाय शर्ट न घालणारा, त्याच्या नखांत माती असते.

आणि घरात आनंद आहे. खरंच आनंद. लोक नारळ घेऊन येतात. त्या दिवशी एक बाई मंगळसूत्र हरवलं म्हणून आली. गौरेश भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "सगळे आयकतात, उलोव नाकात." 'बोलू नका' म्हणजे चोर घरातलाच, असा अर्थ लावून तिने घरी जाऊन सासूला धरलं. पुढे ते न्हाणीत सापडलं, पण तोवर देवाचा शब्द खरा झाला होता आणि सासू माहेरी गेली होती. मी हसले. मग परतीच्या बसमध्ये बसल्यावर रडले.

आईला दोष देणं सोपं आहे. मी देत नाही. गावात आपली सात घरं. पालखीला आपला खांदा नाही, समितीत आपलं नाव नाही, पंगतीला आपली पाळी शेवटची. वर्षातून एक दिवस बाबा उभे राहायचे आणि सगळा गाव, जमीनदार भाटकारासकट, त्यांच्यासमोर हात जोडायचा. तो एक दिवस बाबांबरोबर गेला. तो परत येतोय असं कुणी सांगितलं तर आई 'नको' कशी म्हणेल? आणि 'तुझ्या मुलाला वेड लागतंय' असं म्हटलं तर ती कुठे तोंड दाखवेल? जुनी माणसं अजून 'आल्तिनोर पाठयलो' म्हणतात. तो वेड्यांचा दवाखाना पणजीच्या आल्तिन्यावरून बांबोळीला हलून जमाना झाला, शब्द काही हलला नाही.

गंमत ऐक. आरोग्य केंद्राने मला एक कागद दिला भिंतीला लावायला. मनाच्या आजाराबद्दल बोला, मदत मिळते, फुकट फोनचा नंबर. मी बायकांची सभा घेतली. ताप आला तर सांगतो, मग झोप उडाली, भीती वाटायला लागली तर का लपवायचं, असं अर्धा तास बोलले. सगळ्यांनी माना हलवल्या, चण्याची उसळ खाल्ली आणि घरी गेल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. मी तरी कुठे काढला? माझ्या सख्ख्या भावाचं नाव माझ्या ओठावर होतं आणि मी वाट्या गोळा करत होते.

त्याला डॉक्टर हवाय. मी हे पहिल्यांदाच लिहितेय, बोलले तर अजून कुणाशीच नाही. तू ये.

बाय

---

मये, १० सप्टेंबर

श्रीनाथ,

चतुर्थी झाली. दीड दिवसाचा गणपती गेला. तुझ्याशिवाय आरत्या कुणाला पाठ नाहीत, भावोजी मध्येच अडकतात आणि मग सगळे टाळ्याच वाजवतात.

गौरेशला मी म्हापशाला नेलं. शुक्रवारी, माटोळीच्या बाजाराच्या दिवशी. त्या गर्दीत कोण कुणाला बघतो? आईला सांगितलं, गणपतीवर टांगायच्या माटोळीला कवंडळं आणि कांगलां, ही रानफळं आणायचीत, ओझं उचलायला गौरेश हवा. हातात पिशवी असली की माणूस बाजाराला आलेला असतो, इस्पितळात आलेला नसतो. मी आधी मिरच्या घेतल्या, त्या वर दिसतील अशा ठेवल्या आणि मग जिल्हा इस्पितळाच्या पायऱ्या चढले.

मानसोपचाराच्या दाराबाहेर बाकावर कोण बसलेली असेल? आमच्या मयेची सुविधा. माझ्या त्या सभेत पुढच्याच रांगेत होती, सगळ्यात जास्त मान तीच हलवत होती. तिच्या मांडीवर तांबड्या भाजीच्या जुड्यांची पिशवी. शेजारी तिचा नवरा. मी म्हटलं, "बाजाराक आयलंय?" ती म्हणाली, "हय. तू?" म्हटलं, "मीय बाजाराक." थोड्या वेळाने तिने तांबड्या भाजीची एक जुडी काढून माझ्या पिशवीत घातली. म्हणाली, "पुढच्या वेळार दोगीय वांगडाच येवया. इस्पितळाचां तिकीट काडूक एकटीक बरां दिसना."

डॉक्टर तरुण मुलगी आहे. आपल्यासारखंच बोलते. गौरेशला तिने देव, भूत काही विचारलं नाही. विचारलं, "कितले जाण उलयतात? दादले काय बायलो?" आणि गौरेश बोलायला लागला, श्रीनाथ. सांगत सुटला. दोन पुरुष आणि एक बाई, शिव्या देतात, बाबांचं नाव घेतात, जेवू देत नाहीत. आम्ही इतके दिवस त्याच्याभोवती उदबत्त्या लावत होतो आणि हा साधा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

आजार आहे. नाव आहे त्याला, बऱ्याच जणांना होतो, लवकर आलात असं ती म्हणाली. गोळ्या दिल्या. चतुर्थीला तो झोपला. दोन्ही दिवस, दुपारीसुद्धा, आरतीच्या गोंगाटात. त्याच्या तोंडावरचा ताण उतरलेला मी पाहिला आणि मला वाटलं, बस्स, सुटलो.

सुटलो नाही. आईने गोळ्या पाहिल्या. मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं होतं. गोळ्या देवासमोर ठेवल्या आणि म्हणाली, देवाला विचारून देते. दुसऱ्या दिवशी देवळात कौल लावला. पाकळी डावी पडली, म्हणजे देवाचा नकार.

गोकुळदासमामा वाईट माणूस नाहीत. चाळीस वर्षं गावाची गाऱ्हाणी देवाला सांगतायत. पण ते म्हणतात, शेला बांधायचा तर दसऱ्यापर्यंत व्रत, एकवेळ जेवण, जमिनीवर झोप आणि इंग्रजी औषध बंद. नाहीतर थोरल्याने येऊन नारळ ठेवावा.

आता तूच सांग, मी कुणाकडे जाऊ?

बाय

---

मये, २८ सप्टेंबर

श्रीनाथ,

आज लांब लिहिणार नाही. अंगात त्राण नाही.

अंगणवाडी सुटली की डिचोलीची बस, तिथून म्हापसा, तिथून पेडणे. त्याला बघायचं, तासभर बसायचं, त्याच क्रमाने उलट यायचं. भावोजी म्हणाले, तू आता कदंब बसवाल्यांकडेच नोकरी धर. ते चेष्टा करतात म्हणून मी टिकून आहे.

गोळ्या बंद झाल्यापासून पुन्हा सुरू झालंय, आधीपेक्षा जोरात. मी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली मध्येच बंद करू नका. मला ठाऊक आहे, मी म्हटलं, हे माझ्या आईला आणि एका पाकळीला सांगा. मग माफी मागितली. ती म्हणाली, आईला घेऊन या, मी बोलते. आई कसली जाते.

मी लपवून गोळी द्यायला गेले, चहात. गौरेशने कप माझ्या हातातून घेतला, माझ्याकडे बघितलं आणि ओतून टाकला. त्याला कळलं. आता तो माझ्याकडूनही काही घेत नाही. शहाणपणा केला आणि एक दार बंद करून बसले.

लोक म्हणतात तू घमेंडीने गेलास. बाबांच्या बाराव्यालाही थांबला नाहीस, मानावर थुंकून गेलास. मीही तसंच म्हणत आले. खोटं कशाला बोलू, अजूनही तसंच वाटतं. पण तुझा राग माझ्यावर असो, आईवर असो, देवावर असो, त्या पोरावर नाही ना? तो चौथीत होता तेव्हा तू त्याला खांद्यावर बसवून शिगमो दाखवायला न्यायचास. तुला एक नारळ ठेवायचाय. बाकी काही नाही.

दसरा बारा तारखेला आहे.

बाय

---

मये, ८ ऑक्टोबर

श्रीनाथ,

आईचा फोन आला. आईने स्वतः लावला. आजवर तिने फोन कधी लावलेला नाही, शेजारच्या गौरवीकडून लावून घेते. म्हणाली, "दसऱ्याक ये. त्यो गोळयो घेऊन ये." आणि ठेवला.

मी त्याच दिवशी गेले. काय झालं ते लिहिते, कारण हे तुला माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही.

गौरेश तिच्या हातचं जेवेनासा झाला. आधी दोन घास घ्यायचा, मग तेही नाही. व्रताचा उपवास म्हणून सात घरं खूश. पण त्या दुपारी आईने ताट पुढे ठेवलं तर तो मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. हात जोडून म्हणाला, "आई, माका मारू नको. ते सांगतात तू भातात विख घातलंय." रडत होता. शेजारपाजारचे म्हणाले, देव परीक्षा बघतोय.

आई उठली. ताट तिथेच ठेवून मागच्या दारी जाऊन बसली. मला तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"तुज्या बापायच्या अंगार देव येयलो की पयलो घास माज्या हातचो खातालो. दर वर्सा. गाव उबो रावन बघतालो. म्हणजे देव माजो हात वळखता. मग ह्यो कोण, जो माज्या हाताक भियेता? ह्यो आमचो देव न्हय, बाये. देव जाल्यार तो भुकेल्लो रावचो ना माज्या दारात."

मी अंगणवाडीत तक्ते लावते, सभा घेते, डॉक्टरशी फोनवर वाद घालते. मला जे महिनाभर समजावता आलं नाही ते तिला तिच्या भाताच्या ताटाने समजावलं. ती देवाकडे पाठ फिरवून नाही आली, देवाच्याच बाजूने आली. मला अभिमान वाटला आणि थोडी लाजही.

त्या संध्याकाळी तिने गौरेशसमोर बसून आपण आधी एक घास खाल्ला, मग त्याला दिला. एक घास स्वतः, एक त्याला. असं अख्खं ताट. गोळी तिने लपवली नाही. हातावर ठेवली, म्हणाली, ही गोळी आहे, झोपेला आहे, त्या लोकांचा आवाज बारीक व्हायला आहे. त्याने ती उलटसुलट करून बघितली. मग घेतली.

पण शेला अजून ठरलेलाच आहे. सात घरांनी नवा आणलाय, पिवळा. दसऱ्याला तो ढोलांच्या मध्ये, त्या गर्दीत उभा राहिला तर काय होईल या विचाराने मी रात्री उठून बसते. गोळ्या पुन्हा सुटतील आणि मग तो आपल्या हाती लागायचा नाही. तू अजूनही येऊ शकतोस. वापीहून गाडी आहे.

बाय

---

मये, १४ ऑक्टोबर

श्रीनाथ,

तू आला नाहीस. मी स्टँडवर शेवटच्या बसपर्यंत थांबले होते, मग देवळात गेले.

दसऱ्याला तरंगं, देवाच्या सजवलेल्या काठ्या, बाहेर काढल्या, ढोल लागले. गौरेशला सात घरांच्या माणसांनी खांबाजवळ बसवलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, कानांवर हात. माझ्या हातात पिशवी होती, सवयीने. गोकुळदासमामांनी हात वर केला, ढोल थांबले. गाऱ्हाणं घालायची वेळ. आई नारळ घेऊन पुढे गेली.

मामा म्हणाले, "शेवंती, थोरलो खंय?"

"थोरलो ना," आई म्हणाली. "आवय आसा."

मागे कुजबुज झाली. बायका तिथे पुढे जात नाहीत हे तुला सांगायला नको. मामांनी नारळाकडे बघितलं, आईकडे बघितलं. देवासमोर आणलेला नारळ परत पाठवता येत नाही, आणि गाऱ्हाणं ज्याचं असेल त्याच्याच शब्दांत घालावं लागतं. त्यांनी नारळ घेतला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या अंगार जो भार आयला..."

"भार न्हय," आई म्हणाली. "आजार म्हण."

मामा थांबले. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "ह्या तुज्या लेकराक जो आजार जाला..."

"मनाचो."

"...मनाचो आजार जाला, ताका ती आवय दोतोराकडे व्हरता, वखद दिता. ताका व्रतांतसून मोकळो कर, मान तुज्या पांयार ठेवन घे, आनी वखदाक येस दी रे म्हाराजा."

इथे सगळ्या गावाने 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. कुणी म्हटलं नाही. इतकी माणसं, ढोलवाले, समितीवाले, आपली सात घरं, सगळे जमिनीकडे बघत उभे. कुणी होय म्हटलं नाही तर गाऱ्हाणं तिथेच पडतं. मी लग्न झालेली लेक, मला तिथे हक्क नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मी घाबरले होते.

खांबाजवळून आवाज आला. "होय म्हाराजा."

गौरेश. कानांवरचे हात काढून, खाली बघत, हळूच. जसं वर्गात हजेरीला म्हणतात तसं.

मग मी म्हटलं. मग ढोलवाल्याने. मग मागून, बाजूने, सगळीकडून. भाटकारानेसुद्धा. होय म्हाराजा. मामांनी नारळ फोडला.

असं समजू नकोस की सगळं गोड झालं. आपल्या सातांतली चार घरं आता आईशी बोलत नाहीत. 'एकच मान होतो, तोय घालयलो' असं तिला तोंडावर ऐकवलं. पिवळा शेला कुणीतरी आपल्या दारात टाकून गेलं. आईने तो धुतला आणि घडी करून ठेवला. तिला वाईट वाटलंय, फार. तिने काय सोडलं ते मला माहीत आहे, तुलाही असेल.

पण एक सांगते. मी पाय धुवायला विहिरीवर गेले तर गोकुळदासमामा मागे आले. इकडेतिकडे बघितलं. म्हणाले, "बाये, सुक्राराक कितल्याक जातात तुमी म्हापशाक?" त्यांची सून बाळंत झाल्यापासून पोराला जवळ घेत नाही. पोर रडतं आणि ती बघत राहते. मी म्हटलं, पेडण्याहून साडेआठच्या बसने या, म्हापशाला सुविधा आणि मी असतोच. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाले, "पिशवी हाडूंक जाय?" मी म्हटलं, नको, मामा. आता पिशवी नको.

तुझ्यावर मी रागावले आहे. यापुढे लिहीन असं वाटत नाही. तुझ्या नारळावाचून झालं.

बाय

---

मये, २४ नोव्हेंबर

श्रीनाथ, बाबा,

काल सकाळी मुलांना उसळ वाढत होते तेव्हा फोन वाजला. तुझं नाव, तुझा मेसेज. इतक्या वर्षांनी. पळी हातात तशीच धरून मी वाचलं. 'गौरेशच्या त्या गोळ्यांनी ऐकू येणं थांबतं का? नाव काय त्यांचं?'

मी मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले. मदतनीस बाई म्हणाली, घरी कुणी गेलं काय? मी म्हटलं, नाही, सापडलं.

ज्याला भावाची चौकशी करायची असते तो 'बरा आहे का' असं विचारतो. तू ते विचारलं नाहीस. मी अडाणी नाही. तुलाही ऐकू येतं. बाबांच्या शेवटच्या वर्षापासून, असंच ना? तेव्हा तू रात्री ओसरीवर फेऱ्या मारायचास आणि आम्ही म्हणायचो, बापाची काळजी करतोय. तुला वाटलं देव तुला बोलावतोय, तू नको म्हणालास, आणि मग तो वापीपर्यंत तुझ्या मागे आला. आणि मी तुला पत्रामागून पत्र लिहीत होते, ये आणि देवासमोर उभा राहा म्हणून. ज्याची तुला सगळ्यात जास्त भीती, नेमकं तेच मागत होते. आम्ही सगळे तुला घमेंडखोर म्हणत राहिलो आणि तू तिथे एकटा, कान झाकून.

देव नव्हता रे तुझ्या मागे. तू पळालास म्हणून कुणी रागावलेलं नाही. आजार आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तो जेवता मरे थंय?"

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. पूर्ण थांबत नाही, निदान अजून नाही. लहान होतं. गौरेश म्हणतो, शेजारच्या घरात रेडिओ लावलेला असावा तसं. पूर्वी त्याच्या डोक्यातच सभा भरायची. तो जाड झालाय, हात थोडे थरथरतात, पाववाला पोदेर भोंगा वाजवून गेला तरी उठत नाही. डॉक्टर म्हणते, मात्रा बदलून बघू. घरात तो मधूनच विचारतो, "आई, हे तू उलयलंय?" आई विळीवरची मान वर न करता म्हणते, "ना, मी ना." तो बरं म्हणतो आणि आपलं काम करतो. परवा तो आपण होऊन दुकानाच्या मालकाला भेटून आला. सकाळचं अर्धं काम देतो म्हणालाय.

गोळ्यांचं नाव मी लिहिणार नाही. मला तू ठाऊक आहेस. नाव कळलं की तिथल्याच एखाद्या दुकानातून चिठ्ठीवाचून घेशील, चार दिवस खाशील, सोडशील आणि पुन्हा फोन बंद करून बसशील.

थिवीला पहाटेची गाडी आहे. तेवढा दिवस कळव, मी आणि गौरेश स्टेशनावर असू. तो स्वतःहून येतो म्हणाला, मी विचारलं नव्हतं. म्हणाला, "दादाक सांग, पयल्या दिसा भंय दिसता, मागीर इतलो ना." पेडण्याच्या घरी लगेच जायची सक्ती नाही. माझ्याकडे राहा, दार लावून झोप, कुणाशी बोलू नकोस. शुक्रवारी आम्ही सगळे म्हापशाला जातोच, बाकावर जरा सरकून बसू.

गोळ्यांचं नाव हवं असेल तर ये.

तुझी बाय